कार्यक्रमानंतर आवडत्या वादकाला भेटलात का कधी? आणि बोललात काय?

कोमल_निषाद

परवा माझं हसं झालं. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून हा धागा.

ज्यांचं व्हायोलिन मी गेली १९ वर्षं ऐकतेय त्यांना पहिल्यांदा समोर बसून ऐकलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात त्यांची काहीच चूक नाही, सगळी माझी आहे. वादन संपलं, टाळ्या संपल्या, लोक उठले, मी मात्र खुर्चीतच. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मी मागे भेटायला चाललेय, येताय?" एरवी मी 'नको' म्हणाले असते. त्या दिवशी पाय आपोआप निघाले.

माझ्यापुढे ११ माणसं होती. (मोजली. रांगेत दुसरं काय करणार?) तेवढ्या वेळात मनातल्या मनात दोन गोष्टी घोटून ठेवल्या. एक, वडील आजारी होते त्या वर्षी रोज रात्री आम्ही दोघं तुमचं एकच ध्वनिमुद्रण लावायचो. दोन, त्याच मुद्रणात दुसऱ्या भागात एके ठिकाणी गजाची (तारांवर फिरवतात ती काठी) घासर ऐकू येणं थांबतं आणि सूर मात्र तसाच राहतो, ते तुम्ही कसं केलंत? इतक्या वर्षांचा प्रश्न आहे तो माझा.

पाळी आली. त्यांनी मान वर केली. मी म्हणाले, "तुम्ही खूप छान वाजवता."

ते म्हणाले, "तुम्ही छान ऐकलंत."

मी म्हणाले, "नाही हो, मी शिकलेली नाही."

पुढचं ऐका. सहीसाठी कव्हर पुढे केलं तर पेन चालेना. मागच्या माणसाने दिलेलं पेनही चालेना. सही झालीये, पण उजेडात तिरकं धरलं तरच दिसते. आणि निघताना मी त्यांना म्हणाले, "परत या हं." जसं काही सभागृह आमच्या घरचं.

तुमचं काय झालं ते सांगा. मी एकटीच अशी नसेन अशी आशा आहे.


ठोंब्या

"मी शिकलेली नाही" ला हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

ताई, तुम्ही एकट्या नाही. मी एका बेस गिटारवाल्याला भेटलो होतो. म्हणायचं होतं 'मी तुमचा सगळ्यात मोठा चाहता आहे'. म्हणालो, "तुम्ही माझे सगळ्यात मोठे चाहते आहात." तो भला माणूस म्हणाला, "असू शकेल."


मागची_रांग

छान लिहिलंय. मला वाटतं घोळ वेगळाच आहे. आपण त्या माणसासोबत १९ वर्षं काढलेली असतात, त्याने आपल्यासोबत शून्य मिनिटं. आपल्याला जुन्या ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटत असतं आणि त्याच्यासमोर बारावा अनोळखी चेहरा उभा असतो. दोन्ही बाजूंची वाक्यं जुळणार कशी?

अवांतर: तो सूर राहण्याचा प्रकार मला थोडाफार समजवता येईल असं वाटतं. रात्री सवडीने लिहितो.


केबलवाला

इतके दिवस नुसता वाचत होतो. या धाग्यावर बोलणं भाग आहे, कारण तुम्ही सगळे ज्या दारापाशी रांग लावता त्याच्या आतल्या बाजूला मी १४ वर्षं तारा गुंडाळतोय. ध्वनिव्यवस्थेचं काम. तर आत काय चाललेलं असतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, कान. कमीजास्त आवाजाचा हिशेब असा आहे की ८५ डेसिबल आवाज ८ तास सोसता येतो, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ड्रम्सशेजारी दोन तास उभ्या असलेल्या माणसाचे कान बाहेर आल्यावर काही वेळ कापूस घातल्यासारखे असतात. तुम्ही हळव्या आवाजात आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगता आणि तो नुसता हसून मान हलवतो. त्याला ऐकूच आलेलं नसतं हो. घरी जाऊन तुम्ही त्या हसण्याचे अर्थ लावत बसता.

दुसरी, शरीर. ब्लाँडी बँडचे ड्रमर क्लेम बर्क यांच्यावर इंग्लंडमधल्या विद्यापीठांनी बरीच वर्षं अभ्यास केला. वाजवताना हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १४० ते १५०, मधेच १९० पर्यंत. असा माणूस उतरल्यावर लगेच माणसात येत नाही. कुणी बडबड करत सुटतो, कुणी भिंतीकडे तोंड करून बसतो. एक बासरीवाले मी पाहिलेत, ते उतरल्यावर १० मिनिटं बुटांच्या नाड्या सोडतात आणि बांधतात. कुणी काही विचारत नाही.

दमलेला माणूस काय करू शकतो बघायचंय? चेलोवादक यो-यो मा. (चेलो म्हणजे बसून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिनच.) १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये आदल्या संध्याकाळी कार्नेगी हॉलला वाजवलं आणि दुसऱ्या दिवशी १७३३ सालचा चेलो टॅक्सीच्या डिकीत विसरून उतरले. चेलो! मोबाइल नव्हे. त्याच दिवशी मिळाला परत, पण मुद्दा लक्षात घ्या. ज्याला स्वतःचा चेलो आठवत नाही त्याला तुमचं नाव काय आठवणार.

तिसरी आणि महत्त्वाची, वाद्य. वाजवून झालं की व्हायोलिनवाला आधी तारांवरची आणि लाकडावरची राळेची पूड पुसतो, मग गजाचा स्क्रू फिरवून केस सैल करतो. ताणलेला ठेवला तर गजाची कांब वाकायला लागते. मग पेटी. ही पाच मिनिटं त्याची आणि वाद्याची. यात मधे जो बोलतो त्याच्याशी तो अर्धाच बोलतो. आम्ही आतले लोक तर झाकणाचा खटका ऐकू येईपर्यंत पैशाचं पाकीटसुद्धा त्याच्या हातात देत नाही.

आणि शेवटची, घड्याळ. सभागृह ठरावीक वेळेपर्यंतच घेतलेलं असतं. त्या वेळेत मंच मोकळा करायचा, सामान गाडीत चढवायचं. दारापाशी जो माणूस "चला, चला" करत असतो तो दुष्ट नाही. तो मी आहे.


ठोंब्या

केबलवाला, दंडवत. बुटाच्या नाड्यांवर स्वतंत्र धागा काढा.


रिकामा_जिना

मी उलट्या बाजूने लिहितो. भेटूच नये.

एका सतारियांना भेटलो होतो. रांग नव्हती, आम्ही तिघंच. मी काही वेडंवाकडं बोललो नाही. एवढंच म्हटलं की तुमच्या जुन्या मुद्रणांमधला आलाप मला जास्त आवडतो. ते म्हणाले, "मग तेच ऐका," आणि पाठ फिरवली. झालं. पुढची दोन वर्षं त्यांची एकही तबकडी मी लावू शकलो नाही. लावली की ती पाठ दिसायची.

मला त्यांच्याकडून काय हवं होतं? काहीच नाही. जे हवं होतं ते त्यांनी आधीच देऊन टाकलं होतं, दोन तास बसून. वर आणखी पाच मिनिटं मागायला मी गेलो.


कोमल_निषाद

वाईट वाटलं वाचून. पण राग मानू नका, वाजवून अजून घाम न सुकलेल्या माणसाला 'तुमचं जुनं जास्त आवडतं' म्हणणं म्हणजे...


रिकामा_जिना

हो, आता कळतं. तेव्हा मला ते कौतुकच वाटत होतं.


सूरपारंबी

जिनासाहेब, तुमच्याशी ग्लेन गूल्ड सहमत झाला असता. पियानोवादक, १९६४ साली वयाच्या ३१ व्या वर्षी मैफली कायमच्या बंद केल्या आणि पुढे फक्त ध्वनिमुद्रण. हस्तांदोलनाची तर त्याला धास्तीच होती. १९५९ साली पियानो कंपनीतल्या एका माणसाने त्याच्या खांद्यावर म्हणे मायेने थाप मारली. गूल्डने इजा झाली म्हणून कंपनीवर दावा लावला, पुढे तडजोड झाली. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटतो, मला अर्धाच वाटतो. माझी बहीण पियानो वाजवते. कार्यक्रमानंतर एका उत्साही गृहस्थाने तिचा हात दोन्ही हातांत धरून जो दाबला, ती आठवडाभर अंगठा चोळत होती. तो बिचारा प्रेमानेच दाबत होता.

तर माझा एकच नियम: वादकाने हात पुढे केला तर धरावा, धरला तर दाबू नये.

दुसरं टोकही बघा. पियानोवादक फ्रान्झ लिस्टच्या मागे १८४०च्या दशकात बायका त्याच्या हातमोज्यांसाठी आणि रुमालांसाठी झोंबत. कवी हाइनने १८४४ मध्ये त्या वेडाला 'लिस्टोमेनिया' नाव दिलं. आपण निदान पेन घेऊन जातो.


ठोंब्या

जे चालत नाही.


तीन_ताल_एक_काल

मला त्या पैसे भरून भेटण्याच्या प्रकाराबद्दल बोलायचंय. मीट अँड ग्रीट. गेल्या वर्षी केलं. ज्यांनी आयोजित केलं त्यांचं नाव घेत नाही. जमिनीवर चिकटपट्टीची फुली असते, तिच्यावर उभं राहायचं. गायिका आधीच दुसऱ्या फुलीवर. क्लिक. पुढे सरका. बोलू नका असं कुणी म्हणत नाही, पण बोलायला जागाच ठेवलेली नसते. फोटोत ती छान हसतेय आणि मी तिच्याकडे बघतोय, कॅमेऱ्याकडे नाही. तेवढ्यातच बघून घेतलं म्हणायचं.

आणि तेही कार्यक्रमाच्या आधी! आधी भेटून बोलणार काय? 'आता चांगलं गा'?


केबलवाला

गाणाऱ्यांचं आधी ठेवतात त्याला कारण आहे. दीड-दोन तास गायल्यावर गोंगाटाच्या खोलीत बोलणं हे गळ्यासाठी गाण्याइतकंच त्रासाचं. भोवती आवाज असला की माणूस नकळत आवाज चढवतो, स्वतःला ऐकू येत नाही म्हणून. ॲडेलला २०११ साली स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि दौऱ्यातले कार्यक्रम रद्द झाले. त्यामुळे गायक कार्यक्रमानंतर गप्प दिसला, पाटीवर लिहून उत्तर दिलं, नुसती मान हलवली, तर त्याला माज म्हणू नका. पाटी मी खरंच पाहिली आहे.

चिकटपट्टीची फुली मात्र मलाही आवडत नाही. मीच लावतो ती.


अर्धा_मुक्काम

थोडं गंभीर. दारावरचे लोक पिशव्या तपासतात, जवळ जाऊ देत नाहीत, म्हणून इथल्या एक-दोघांनी मला व्यनि (खासगी निरोप) करून कुरकुर केली (इथे कळवा ना सरळ). २०१६ च्या जूनमध्ये अमेरिकेत क्रिस्टिना ग्रिमी ही २२ वर्षांची गायिका कार्यक्रमानंतर चाहत्यांना सह्या देत होती. रांगेतून आलेल्या माणसाला मिठी मारायला तिने हात पसरले होते, त्याने गोळ्या झाडल्या. आणि १९८० च्या ८ डिसेंबरला जॉन लेननने संध्याकाळी ज्याला तबकडीवर सही दिली त्यानेच रात्री त्याला मारलं. मी स्वतः रांगेत असताना पिशवी उघडायला लावली की चिडायचो. आता आधीच उघडून ठेवतो.


मागची_रांग

अर्धा_मुक्काम यांच्यानंतर हे लिहिणं जरा पोरकट वाटतंय, पण कबूल केलं होतं म्हणून लिहितो.

कोमलताई, व्हायोलिनच्या चार तारा. बोटाने दाबून वाजवलेला सूर जर एखाद्या मोकळ्या तारेच्या सुराचा असेल, किंवा तिच्या वरच्या सप्तकातला, तर ती मोकळी तार कुणी न छेडता आपणहून थरथरायला लागते. गज थांबला तरी ती काही क्षण बोलत राहते. शिकणाऱ्यांना हीच खूण देतात, सूर बरोबर लागला की वाद्य 'उघडतं'. जरा इकडेतिकडे झालं की मुकं. म्हणजे तुम्ही जो सूर ऐकता तो बहुतेक शेजारच्या तारेचा आहे. मुद्दाम तिथे गज उचलून त्यांनी ती तार ऐकवली असणार. फार विचारपूर्वक केलेली जागा वाटते. चुभूदेघे.


कोमल_निषाद

काय सांगता! आत्ता लावून ऐकलं. खरंच तो सूर जरा लांबून आल्यासारखा आहे. इतकी वर्षं मला वाटायचं ध्वनिमुद्रण करणाऱ्याने काहीतरी केलंय.


सूरपारंबी

हे विचारायला हवं होतं त्यांना. 'छान वाजवता' याला धन्यवाद सोडून उत्तर काय असणार? 'तिथे काय केलंत' असं विचारलं की वादक दमलेला असला तरी डोळे बदलतात. मी हे तीनचारदा पाहिलंय. एकदाच उलटं झालं. मी विचारलेली जागा त्यांच्या साथीदाराची होती. तेही मग त्याला हाक मारून "अरे, हे तुझं विचारतायत" म्हणाले, आणि तो तबलजी जो खुलला! साथीदारांच्या रांगेत कुणीच नसतं हो. आवडलं असेल तर तिकडे जा आधी.


केबलवाला

+१००. आणि चालणारं पेन न्या. गुळगुळीत कव्हरवर बॉलपेन चालत नाही. परमनंट मार्कर, काळ्या कव्हरला चंदेरी. घरूनच कागदावर चालवून आणा. टोपण काढून हातात द्या. आणि सुकेपर्यंत त्यावर अंगठा ठेवू नका, अर्ध्या लोकांच्या सह्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत पुसलेल्या असतात.


रिकामा_जिना

वाचतोय. मत बदललेलं नाही.


कोमल_निषाद

धागा वर काढतेय, सात महिन्यांनी. क्षमस्व, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय कसं राहू.

त्यांचा पुन्हा कार्यक्रम झाला. या वेळी मी लगेच गेले नाही. बाहेर थांबले. आधी तानपुऱ्यावर बसलेल्या मुलीला भेटले, ती इतकी गोंधळली की मागे वळून पाहायला लागली, कुणाशी बोलतायत म्हणून. मग आतून केबलवाला म्हणतात तो खटका ऐकू आला. खरंच ऐकू येतो! तेव्हा रांगेत चारच जण उरले होते.

माझं पहिलं वाक्य वडिलांचं होतं. ते सांगायला लागले आणि आवाज गेला, तेव्हा सोडून दिलं. सरळ विचारलं की त्या मुद्रणात दुसऱ्या भागात सूर राहतो आणि गज थांबतो, ती मोकळी तार तुम्ही मुद्दाम ऐकवली का?

ते म्हणाले, "कुठे?"

म्हटलं, दुसऱ्या भागात. म्हणाले, आठवत नाही, ते मुद्रण मी कधी परत ऐकलेलं नाही. "म्हणून दाखवा."

आता बघा. १९ वर्षं... नाही, आता २० होतील... ज्यांचं वाजवणं ऐकलं त्यांच्यासमोर मी, न शिकलेली, गुणगुणतेय. दोन ओळी झाल्या. त्यांनी डोळे मिटून डाव्या हाताची बोटं पेटीच्या झाकणावर टेकवली आणि माझ्यासोबत चालवायला लागले. त्या जागेशी आल्यावर थांबले. परत म्हणा म्हणाले. परत म्हटलं. मग हसायलाच लागले.

म्हणाले, "अहो, तिथे गज संपला होता."

म्हणजे टोकापर्यंत ओढून झाला, आणखी सूर हवा होता आणि गज उरला नव्हता. पुन्हा मुद्रण करू म्हणाले होते, पण वेळ संपत आली होती, राहून गेलं. मी म्हटलं, मला तीच जागा सगळ्यात आवडते. ते काही बोलले नाहीत. तानपुऱ्यावाल्या मुलीला एवढंच म्हणाले, "ते लावून बघायला पाहिजे एकदा."


मागची_रांग

गज संपला होता. आणि मी तीन परिच्छेद लिहिले.


कोमल_निषाद

तुमची तार खरी आहे हो. ती वाजली नसती तर तिथे नुसती शांतता असती. ते मीच त्यांना सांगितलं, तुमच्या नावाने.


केबलवाला

आणि दारावरचा माणूस?


कोमल_निषाद

"चला, चला" करत होता. त्याचेही आभार मानले. तो जाम घाबरला.


रिकामा_जिना

ते सतारिये पुढच्या महिन्यात वाजवतायत. तिकीट काढलंय. मागे जाणार नाहीये.

त्यांच्यासोबत तबल्याला कोण आहे, कुणाला माहीत आहे का?